कडुबामामांची बुधवारची पंगत

कडुबामामा रांगेत उभे राहत नाहीत. बसतात. बँक असो, रेशन दुकान असो, दवाखाना असो. जिथं नंबर लागेल तिथं पंचा अंथरतात, मांडी घालतात आणि कोणीतरी आपल्यापर्यंत येईल याची शांतपणे वाट बघतात. एकदा एटीएमपुढं असे बसले, तर वॉचमनला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यानं तोंडावर पाणी मारलं. मामांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पाणी झालं. आता ताट आण."

असं का करता विचारलं, की उत्तर ठरलेलं. "उभा ऱ्हायला तो मागणारा, बसला तो पाव्हणा."

मामा मूळचे पाचोडचे, धंद्यानं आचारी. नाव कडुबा, पण त्यांच्या हातची बुंदी खाल्लेली माणसं अजून रस्त्यात थांबवून पाया पडतात. लग्नांत बुफे आला आणि मामा पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत घरी बसले. तेव्हापासून जगात जे जे बिघडलं, त्याला ते एकच शब्द वापरतात. चौकात गाड्या अडकल्या: "निव्वळ बुफे." टीव्हीवर चार जण एकदम ओरडायला लागले: "बंद कर तो बुफे."

मी कमी बोलणारा माणूस आहे. शहरातल्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून टेबलामागं सव्वीस वर्षं काढली आणि त्यातलं माझं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य म्हणजे 'उद्या या'. मामांबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही एक गोष्ट लिहावी लागणार आहे. म्हणून इतके दिवस टाळत आलो.

वरून पत्र आलं, की कचेरीची सेवा कशी असावी हे नागरिकांसोबत बसून ठरवा. आम्ही आधी सूचनापेटी लावली. तीत गुटख्याच्या पुड्या आणि एक लग्नपत्रिका निघाली. मग नव्या मॅडमनी सरळ सभाच बोलावली. अकरा माणसं आली. भिंतीकडेला खुर्च्या मोकळ्या होत्या, तरी मामा मधोमध जमिनीवर बसले.

"मॅडम, तुमच्याकडं बुफे हाय," ते म्हणाले. "माणूस हातात कागदाचं ताट घेऊन सात टेबलं फिरतं. एकीकडं भाजी, दुसरीकडं भात, आन् पोळीवाला जेवायला गेलेला! आमच्या पंगतीत माणूस बसतं, वाढपी फिरतो. तुम्ही फिरा ना."

आमचे शिपाई सलीमभाई हसले. "मामा, शादी किसकी है?"

"तुमच्या शिक्क्याची. लई दिवस झाले, कोरडा पडलाय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली. मग अकराही जण बोलू लागले. शेंद्र्याच्या चंद्रभागाबाई दर वर्षी निराधार पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचा दाखला न्यायला येतात. त्या म्हणाल्या, "नावाचा पुकारा नका करू. मला ऐकू येत नाय. जवळ या." कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, माणूस बसायच्या आधी दारातच कागद तपासा, बसलेल्या माणसाला उठवून झेरॉक्सला पाठवू नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बाकं ठरली. आणि ठरलं, की दर बुधवारी आवारातल्या छपराखाली सतरंज्या टाकायच्या, लोकांनी ओळीनं बसायचं आणि आम्ही फिरायचं. पहिला फेरा अर्जाचा, दुसरा नोंदीचा, तिसरा सहीचा, शेवटी शिक्का.

मामांनी जाताना खिशातून अक्षता काढल्या आणि दहाही जणांच्या हातावर ठेवल्या. "बुधवारचं आमंत्रण. शेजारपाजारलाबी सांगा."

पहिल्या बुधवारी माणसं पुष्कळ आली, पण बसेना कोणी. सतरंज्या मोकळ्या आणि लोक माझ्या टेबलाभोवती. मी मामांकडं बघितलं. बघा तुमचे पाव्हणे, अशा नजरेनं.

"साहेब, भांड्यापाशी गर्दी कोण करतं?" मामा हळूच म्हणाले. "ज्याला आपल्या पानापर्यंत येईल असं वाटत नाय, तो. लोकाइचा दोष नाय. लई येळा उपाशी उठलेत ते."

मग ते स्वतः एकटे पहिल्या जागी जाऊन बसले. शेजारी चंद्रभागाबाई. मग ती मुलगी. हळूहळू ओळ भरली.

आणि काय सांगू, जमलं! सलीमभाई शिक्का आणि पॅड घेऊन आधी बिचकत निघाले. तासाभरात त्यांची पावलं वाढप्यासारखी पडू लागली. "चाचा, और एक लेव? शरमाओ नको." लोक हसत होते. आमच्या आवारात लोकांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

दीड वाजला. तीन माणसं उरली होती. मामांनी चंद्रभागाबाईंना बाकावर हलवलं होतं. बाकं ओळीच्या शेवटी असल्यामुळं त्या तिघांत होत्या. मी पेनाला टोपण लावलं आणि उठलो. "जेवणाची सुट्टी. उरलेल्यांनी उद्या या."

"साहेब," मामा म्हणाले, "पंगत अर्धी सोडून वाढपी जेवत नसतो."

"हे लग्न नाही, मामा."

तिघं उठून गेले. संध्याकाळी मॅडमनी विचारलं, तीन जण तसेच का गेले? मी म्हणालो, "कागद अपुरे होते."

कागद पूर्ण होते. दारात मीच तपासले होते. मामा तिथंच सतरंजी गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि परत सतरंजी गुंडाळू लागले.

तो आठवडा मला जड गेला. ते तिघं परत येणार नाहीत, शेजाऱ्यांनाही येऊ देणार नाहीत, आणि पुढच्या बुधवारी सगळे पुन्हा टेबलाभोवती उभे राहतील, हे मला दिसत होतं. सव्वीस वर्षं मी हेच तर केलं होतं.

बुधवारी तिघंही आले. येऊन बसले.

"जयभीम साहेब," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मामा घरला येऊन गेले ना. बसनं आले, शेंद्र्यापोत. म्हणले, बाई, माझीच चूक, म्या माणसं जास्त बोलावली. साहेबांचा काही दोष नाय, ते तुमचीच वाट बघायलेत."

बाकीच्या दोघांच्या घरीही मामा असेच जाऊन आले होते. मला मात्र एका शब्दानं बोलले नव्हते. त्या दिवशी शेवटचा शिक्का पडायला साडेतीन वाजले. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि मी सही करत होतो. पहिली सही चंद्रभागाबाईंच्या दाखल्यावर केली.

आता आमची पंगत बघायला दुसऱ्या कचेऱ्यांतले लोक येतात. मी त्यांना आकडे दाखवत नाही. ओळीतला एखादा म्हातारा दाखवतो. कागदांची पिशवी शेजारणीच्या मांडीवर ठेवून तो निवांत डुलक्या घेत असतो. सरकारी कचेरीत माणसाला झोप लागावी, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. छाती भरून येते, खरंच सांगतो.

मॅडमची बदली झाली. कागद अपुरे नव्हते, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. हे त्यांच्या वाचनात आलं तर त्यांनी मला क्षमा करावी.

मामांना मात्र तोंडावर सांगितलं. एका रविवारी दुपारी पुंडलिकनगरला गेलो. "मामा, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"म्या तिथंच होतो की."

"मग बोलला का नाहीत?"

"नवा वाढपी व्हता. पाव्हण्यासमोर सुनावलं तर हात कापतो त्याचा, मंग सांडतं." ते उठले. "जेवणार ना?"

स्टोवर खिचडीचं पातेलं होतं. अर्धी गल्ली जेवेल एवढं. मी विचारलं, कोण येणार आहे?

"कुणी नाय." मामा पातेल्याकडं बघत होते. "ही होती तवर घरातलं ती बघायची. आता तीन वर्षं झाली. पाचशेचा सैपाक डोळे झाकून करतो, साहेब. एकाचा येत नाय. मूठभर म्हणून तांदूळ घेतो, पर हात थांबत नाय. रोज आठ-दहा दारं फिरतो उरलेलं वाटत."

आम्ही जेवलो. खिचडी अशी, की मी दोनदा मागून घेतली. निघताना त्यांनी फळीवरून मोठा डबा काढला.

"घरी माणसं किती?"

"पाच."

"पाच!" मामा म्हणाले आणि त्यांनी डाव उचलला. पाच वेळा भरून डब्यात रिता केला. हात एकदाही अडखळला नाही.