ढगातली अंडी

एका जंगलात, जिथे रेंज अजून पोचली नव्हती पण गुंतवणूकदार पोचले होते, श्रीमुख नावाचा एक मुंगूस राहत होता.

मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे, बाळांनो. "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव" असं तुम्हीही कधी ओरडला असाल. श्रीमुखाने त्याचाच धंदा केला.

आधी त्याने पोपटांकरवी निरोप पोचवणारी कंपनी काढली. हरणीने पाडसाला धाडलेला निरोप कोल्ह्यालाही पोचू लागला. पाडसं कमी झाली. श्रीमुखाने कंपनी वेळेवर अस्वलाच्या गळ्यात मारली. मग चोवीस तासांची बातम्यांची वाहिनी काढली. पान हललं तरी माकडं किंचाळायची, "वाघ आला!" शेवटी खरा वाघ आला, तेव्हा कुणी मानसुद्धा वर केली नाही. वाघमहाराजांना ही वाहिनी फार आवडली.

दुसरा कुणी असता तर त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. श्रीमुख मात्र रोज सकाळी पाणवठ्यावर तोंड दाखवायला हजर.

पाणवठ्याजवळच्या उघड्या माळावर तानूबाई टिटवी राहायची. टिटव्या घरटं बांधत नाहीत, खड्यांतच अंडी घालतात. गेल्या खेपेची अंडी गव्यांच्या पायाखाली गेली होती. यंदाची चार तरी वाचावीत, एवढंच तिचं मागणं होतं.

"अहो मावशी, अजून अंडी जमिनीवर?" श्रीमुख म्हणाला. "आता सगळे ढगात ठेवतात."

"ढगात? म्हणजे कुठं रे बाबा?"

"वर. तिथं ना गवा, ना साप."

आता आभाळ कोसळू नये म्हणून टिटवी जन्मभर पाय वर करून झोपते. घराण्याचं कामच आहे ते. आपणच सांभाळलेल्या जागी आपली अंडी, ह्यात धोका कसला?

"अगं, मुंगूस अंडी खातो," टिटवा म्हणाला.

"ते जुने मुंगूस. हा उद्योजक आहे. शिवाय सकाळीच त्याचं तोंड पाहिलंय मी."

अंडी ढगात गेली. श्रीमुख बाळसं धरू लागला. तानूबाई येईल त्या ढगाला लाडाने हाका मारायची. मग एक दिवस आभाळ निरभ्र झालं. औषधालासुद्धा ढग नाही. ती धावतच श्रीमुखाच्या बिळाशी गेली.

"कंपनी बंद पडली, मावशी," तो डोळे पुसत म्हणाला. "पण शिकायला खूप मिळालं."

"आणि माझी अंडी?"

"ती कायम माझ्यात राहतील."

त्याच्या मिशांना पिवळं लागलं होतं. तानूबाईने असा टाहो फोडला की अख्खं जंगल गोळा झालं. वाघमहाराजही आले. श्रीमुख लगेच खडकावर चढला.

"मी आपटलो," तो म्हणाला. "पुन्हा आपटेन. पण थांबणार नाही!"

हत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाषण काय ऐकताय मेल्यांनो!" तानूबाई ओरडली. "त्याच्या मिशा बघा, मिशा!"

सगळ्यांनी मिशा बघितल्या. मिशा बघायच्या म्हणजे तोंड बघणं आलंच. एवढं शुभ तोंड, तेही इतक्या जवळून! पटापट हात जोडले गेले. वाघमहाराजांनी जंगलातली यच्चयावत अंडी तिथल्या तिथं श्रीमुखाच्या हवाली केली. तानूबाईला मात्र ताकीद मिळाली. टिटवीचं ओरडणं अशुभ असतं, हेही तुम्हाला ठाऊकच आहे.

माळावर परतल्यावर टिटवा "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाला नाही. तो नुसता तिच्या शेजारी बसून राहिला. मला त्या दोघांचं फार वाईट वाटतं, बाळांनो. पण गोष्ट म्हटली की तात्पर्य द्यावं लागतं.

तात्पर्य : अपयश ही यशाची पहिली पायरी असते. म्हणून आपटायला मुळीच भिऊ नये. फक्त अंडी दुसऱ्याची असावीत.