डिपर दिल्याची कबुली

झुमरेताने ‘नाही’च्या चौकोनात खूण केली, पेनाचं टोपण लावलं आणि तिला वाटलं, झालं, सुटले. (असं ज्या क्षणी वाटतं ना, पीडा नेमकी तिथूनच सुरू होते. पण ते कळेपर्यंत पाकीट पोस्टात पडलेलं असतं.)

अर्ज अमेरिकेच्या नागरिकत्वाचा होता. त्यात काय वाट्टेल ते विचारतात. सरकार उलथवायचा कट केलात का, एका वेळी दोन नवरे होते का, दारूचं व्यसन आहे का. झुमरेता हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत दिवसाला चारशे चादरींच्या घड्या घालते. सरकार उलथवायला तिला वेळ कुठला, आणि एकच नवरा सांभाळताना जीव मेटाकुटीला आलेला. तिने ‘नाही, नाही, नाही’ असा सपाटाच लावला. त्याच सपाट्यात तोही प्रश्न गेला: पोलिसांनी तुम्हाला कधी पकडलंय, अडवलंय, पावती फाडलीय?

सपाट्यात गेला असं ती म्हणते. पेन तिथे चांगलं मिनिटभर अडलं होतं, ते ती सांगत नाही.

कारण पावती फाडली होती. सहा वर्षांपूर्वी, आमच्या सेंट लुइसच्या ग्रॅव्हॉय रस्त्यावर, भर दुपारी.

त्याचं असं झालं. झुमरेता खिमा भरलेल्या पापुद्र्यांचा गरम बुरेक ट्रेमध्ये घेऊन सबिहाकडे कॉफीला निघाली होती. वाटेत चर्चच्या पाटीमागे पोलिसाची गाडी दबा धरून बसलेली तिला दिसली. आता बोस्नियात वाढलेल्या माणसाला हे दिसलं की त्याने समोरून येणाऱ्या गाड्यांना पुढचे लाइट उघडझाप करून डिपर द्यायचा असतो. पुढे पोलीस आहे रे बाबा, सांभाळ. ओळख असो नसो, सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेलं असो, डिपर द्यायचाच. झुमरेताने एकूण एक गाडीला दिला. गाड्या हळू होत होत्या, लोक हात वर करत होते, पुण्य साठत होतं. त्याच भरात तिने समोरून येणाऱ्या दुसऱ्या पोलिसालाही डिपर दिला.

त्याने गाडी वळवली आणि हिला थांबवलं.

पोलिसाने थांबवल्यावर आपण उतरून त्याच्याकडे जायचं, हीच आमच्याकडची रीत. गाडीत बसून राहणं म्हणजे काय, आपण बेगमसाहेब आणि तो आपला गडी? झुमरेता उतरली. लायसन्स पर्समध्ये, पर्स बुरेकच्या ट्रेखाली, म्हणून ट्रेसकट उतरली. तो ओरडला, “गाडीत बसा.” हिला वाटलं, बिचारा घाईत आहे, उगाच आपल्यासाठी खोळंबायला नको. ती भराभर चालत त्याच्याकडे गेली. ट्रे त्याच्याच बॉनेटवर ठेवला, लायसन्स काढलं, आणि समोर ताटही आहे, माणूसही आहे, तर न विचारणं बरं दिसत नाही म्हणून म्हणाली, “घ्या ना एक तुकडा. गरम आहे.”

त्याने पावती फाडली. लाइटचा गैरवापर. तुकडा घेतला नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने कोर्टाच्या खिडकीवर दंड भरला आणि घरी चकार शब्द काढला नाही. कारण तीनच आठवड्यांपूर्वी तिच्या नवऱ्यावर, म्हणजे फेहिमवर, पावती फाटली होती आणि त्या गोष्टीवर झुमरेताने सबिहाकडची बायकांची शुक्रवारची कॉफी गाजवायला सुरुवात केली होती.

“मी शेजारी बसून सांगतेय, फेहिम, थांब, पाटी आहे थांबायची. तर म्हणतो, चिटपाखरू नाही रस्त्यावर, कुणासाठी थांबू? तेवढ्यात झाडामागून ते चिटपाखरू मोटारसायकलवर बसून बाहेर आलं.” यावर बायका हसायच्या. मग झुमरेता कपातला शेवटचा घोट घेऊन म्हणायची, “माझ्यावर बाई आजवर एक पावती नाही.” यावर त्या इतक्या हसायच्या की कुणाकुणाला उठून पाणी प्यावं लागायचं. सहा वर्षं ही गोष्ट अशी चालली होती. फेहिम ट्रक घेऊन चार-चार दिवस बाहेर असायचा, पण असला तर तोही ऐकायचा आणि मान डोलवायचा. असं शेवटचं वाक्य कोण हातचं जाऊ देईल?

फेहिम चार वर्षांपूर्वीच नागरिक झाला होता. अर्जात त्याने पावती लिहिली होती, अधिकाऱ्याने मानही वर केली नव्हती. तो झुमरेताला म्हणाला होता, “दे इकडे, मी भरतो तुझा अर्ज.”

“तू ट्रक चालव.”

खरं तर तिला एवढी वर्षं ग्रीन कार्डावर काही अडत नव्हतं. पण गेल्या थंडीत वडील गेले. आई हातिजा तिकडे बोस्नियात, झेनित्साला, एकटी राहिली. फेब्रुवारीत लाकडं आणायला अंगणात गेली आणि बर्फावरून घसरली. शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकला म्हणून कुणी येऊन बघितलं.  आईला कायमचं आणायचं तर आधी नागरिक व्हायला हवं. ग्रीन कार्डावर आई आणता येत नाही, नवरा आणता येतो. (ज्याची नड असते ते सरकार कधी देत नाही.)

अर्ज पोस्टात पडून दोन आठवडे झाले आणि शुक्रवारी सबिहाने बॉम्ब टाकला. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे कागद सबिहाच भरते.

“एदहेमचं कळलं का? नागरिकत्व फेटाळलं.”

“काय केलं त्याने?”

“सिग्नल तोडल्याची पावती लिहिली नाही.”

“एवढ्याशा पावतीसाठी?” झुमरेताचा कप बशीत वाजला.

“पावतीला कोण विचारतंय. शपथेवर खोटं बोललास म्हणाले. आता परत पहिल्यापासून.”

झुमरेताच्या डोळ्यांसमोर अंगण आलं, बर्फ आला, कुत्रा आला. ती म्हणाली, “समजा कुणी चुकून ‘नाही’ लिहिलं असेल तर?”

“कुणी?”

“आमच्या लॉन्ड्रीत एक मेक्सिकन बाई आहे.”

टेबलाभोवतीच्या सगळ्याजणी एकदम आपापल्या कपात बघायला लागल्या.

“त्या मेक्सिकन बाईला सांग,” सबिहा म्हणाली, “मुलाखतीला गेलीस की त्यांनी विचारायच्या आत आपणहून बोल. आणि दंड भरल्याचा कोर्टाचा कागद ने. घाबरू नकोस म्हणावं.”

कोर्टाच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, नक्कल पोस्टाने येईल. झालं. झुमरेता पोस्टमनची वाट बघायला लागली. शिफ्ट बदलून घेतली, खिडकीतली कुंडी हलवली, गाडीचा आवाज आला की ओल्या हातांनी दाराकडे धावायची. फेहिम दोन दिवस बघत होता.

“पोस्टमन फार देखणा आहे का?”

“साठीचा आहे. चष्मा आहे. डाव्या पायाने जरा लंगडतो.”

“म्हणजे अगदी नीट बघितलायस.”

कागद आला नाही. मुलाखतीचा दिवस मात्र आला.

फेहिम गाडी चालवत होता. थांबायच्या प्रत्येक पाटीशी पूर्ण थांबत होता, डावीकडे बघत होता, उजवीकडे बघत होता, मग वर झाडाकडेही बघत होता. एरवी झुमरेताने यावर दोन वाक्यं टाकली असती. आज ती मांडीवरच्या फाइलचे कोपरे सरळ करत होती. शेवटी तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “फेहिम, मी एक गोष्ट लपवली तुझ्यापासून.”

फेहिमने काचेवरच्या ऊन अडवायच्या झडपेमागून एक पाकीट काढलं आणि फाइलवर ठेवलं. “मंगळवारी आलं. तू कामावर होतीस.”

कोर्टाचा शिक्का होता. पाकीट फोडलेलं होतं.

“वाचलंस?”

“कोर्टाचं पाकीट, मला वाटलं माझंच असणार.”

“मग तू रागावला नाहीस?”

“सहा वर्षांनी काय रागावायचं? मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही सांगितलं ते विचार. सबिहा, सबिहाचा दीर, बेकरीवाला, इमामसाहेब. अगं, ग्रॅव्हॉयवर भर दुपारी तू डिपर देत होतीस कुणाला? आपलीच माणसं ती. तू वाचवलेल्या प्रत्येकाने आरशातून मागे बघितलं, तर तू पोलिसाच्या गाडीवर बुरेक मांडून उभी. अकरा फोन आले मला. बेकरीवाला विचारत होता, पोलिसाला जेवायला बोलावलंय का?”

झुमरेता मनाशी शुक्रवार मोजायला लागली. एक पाटी गेली, दुसरी गेली. मग ती सावकाश म्हणाली, “म्हणजे शुक्रवारी त्या सगळ्या हसायच्या, त्या...”

“मी एका पाटीशी थांबलो नाही, यावर सहा वर्षं कोण हसेल, झुमरेता?”

(हसणाऱ्यांत मीही होते. माझा अर्ज भरायची वेळ आली तर लिहीन.)

“आणि तू एका शब्दाने बोलला नाहीस.”

“तू इतकी रंगून सांगायचीस,” फेहिम म्हणाला. “तुझे बाबा आजारी होते तेव्हाही, तेवढी पाच मिनिटं तू हसायचीस. कशाला मोडायचं?”

यावर झुमरेताने खिडकीबाहेर बघितलं आणि नाक पुसलं. मग म्हणाली, “सिग्नल हिरवा झालाय. जा आता.”

मुलाखत घेणाऱ्या डॉट्सनबाई. चष्मा साखळीला लटकवलेला, टेबल स्वच्छ. झुमरेताने उजवा हात वर करून शपथ घेतली, खुर्चीत बसली आणि सबिहाने सांगितल्याप्रमाणे विचारायच्या आत बोलली.

“मी खोटं लिहिलंय.”

डॉट्सनबाईंनी पेन खाली ठेवलं. “आधी नाव सांगा.”

झुमरेताने नाव सांगितलं, कागद पुढे सरकवला, चर्चची पाटी सांगितली, डिपर सांगितला. बुरेकही सांगितला, कारण आता काहीही लपवायचं नव्हतं.

“लाइट कशासाठी मारत होतात?”

“पुढे पोलीस आहे, हळू जा, असं सांगायला.”

“आणि लोक हळू गेले?”

“सगळे.”

“म्हणजे त्याचं काम तुम्हीच करत होतात.” बाईंनी कागद उलटून बघितला. मग त्यांचा आवाज बदलला. “पावती किरकोळ आहे. पण अर्जात ‘नाही’ का लिहिलंत?”

खोली एकदम लहान झाली. चुकून लिहिलं, इंग्रजी कळलं नाही, अशी दोन उत्तरं झुमरेताने रात्रंदिवस घोकली होती. तोंडापर्यंत आलीही. पण शपथेचा हात अजून कोमट होता.

“नवऱ्याला कळू नये म्हणून.”

डॉट्सनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. “आणि कळलं त्याला?”

“त्याला सहा वर्षांपासून माहीत होतं. मलाच आज सकाळी कळलं.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. मग लाल पेनाने ‘नाही’ खोडून ‘हो’ केलं आणि कागद तिच्याकडे फिरवला. “इथे सही करा. आणि आता मला सांगा, राष्ट्रध्वजावर तारे किती?”

झुमरेता बाहेर आली तेव्हा फेहिम पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा होता. तिने लांबूनच होकाराची मान हलवली. त्याने गाडीत हात घालून डिपर दिला.

सहा आठवड्यांनी शपथविधी झाला. झुमरेता घरी आली ती हातात चिमुकला झेंडा घेऊनच. फेहिमने कॉफी केली. आता तो कप विसळत होता आणि तिने झेनित्साला फोन लावला होता, स्पीकरवर.

“आई, झाले मी नागरिक. आता तुझे कागद करायचे.”

“देव भलं करो. काय काय विचारतात गं?”

“सगळं विचारतात. आणि एक लक्षात ठेव, काही म्हणजे काही लपवायचं नाही. कितीही जुनं असो, कितीही बारीक असो. माणूस खरं बोलण्याने अडकत नाही, लपवण्याने अडकतो.” (नागरिक होऊन तिला तीन तास झाले होते.)

आई लगेच म्हणाली, “मग ती कॉफी लिही.”

“कुठली कॉफी?”

“आपल्याकडे कॉफी मिळेनाशी झाली होती बघ, तेव्हा मी ट्रेनने इटलीतल्या त्रिएस्तेहून आणायचे. कस्टमवाल्यांना न सांगता.”

“सगळेच आणायचे, आई. त्यात काय? आणली असशील किलोभर.”

“एका खेपेला आठ किलो.”

“आठ किलो? लपवायचीस कुठे?”

“तुझ्याखाली. उशीच्या अभ्र्यात भरायची आणि वर तुला बसवायची. नऊ वर्षांची होतीस. कस्टमवाला आला की पोट धरून कण्हायला लागायचीस, आई गं, मला उठवू नका. मी तुला नुसतं बस म्हटलं होतं हो. कण्हायचं तुझं तुलाच सुचलं. तिसऱ्या खेपेला तर तू त्या माणसाकडून बिस्किटं उकळलीस.”

झुमरेताने झेंडा टेबलावर ठेवला. स्पीकर बंद करायला तिने हात पुढे केला.

फेहिमने नळ बंद केला. हात पुसले, खुर्ची ओढली आणि फोन अलगद आपल्याकडे सरकवून घेतला.

“आई, जरा सावकाश सांगा,” तो म्हणाला. “शुक्रवारी मला कॉफीला सांगायचंय.”