चार हजार तीनशे बारा ठिपके

“तीन सेकंद, आबा! घड्याळ लावा!” असं म्हणून लीलाधरने एंटर दाबलं आणि सहा तालुक्यांच्या केळीचे सहा खांब पडद्यावर उभे राहिले.

चेअरमन तोतारामआबांनी घड्याळातून मान वर काढली. “हे कोणतं?”

“हे बिटमॅप. पडद्यावरच्या प्रत्येक बारीक घराचा रंग पाठ करतं, म्हणून फाइल दीडशे केबीची. आता हे व्हेक्टर बघा! हे काही पाठ करत नाही. इथून इथवर रेघ ओढ, एवढंच लिहून ठेवतं. फक्त तीन केबी!”

पापणी लवायच्या आत खांब हजर! शिवाय कितीही मोठं करा, रेघ सुबकच राहते. बिटमॅप मोठं केलं की विटांची भिंत दिसते.

साल १९९३. जळगावच्या त्या केळी उत्पादक संघात लीलाधर तीन वर्षं हंगामी ऑपरेटर होता. धुळ्याच्या धनसिंगनानांनी त्याला मुलगी द्यायचं कबूल केलं होतं, पण ‘कायम’ची ऑर्डर हातात पडल्यावर. आबांनी ऑर्डर द्यायचं कबूल केलं होतं, पण वार्षिक सभेत आलेख पसंत पडल्यावर. सगळं लग्न त्या आलेखावर टांगलेलं होतं.

“नुसते खांब नकोत,” आबा म्हणाले. “प्रत्येक सभासदाचा स्वतंत्र ठिपका पाहिजे. आडवी खोडांची संख्या, उभं घडाचं सरासरी वजन. मागच्या अहवालात सात नावं छापायची राहिली, तर सात माणसं भरल्या ताटावरून उठून गेली!”

सभासद चार हजार तीनशे बारा. लीलाधरने महिनाभर आकडे भरले आणि आधी बिटमॅप काढून ठेवलं. सभेच्या दोन दिवस आधी चोपड्याकडचे झुलाल आणि जीवराम हे सख्खे भाऊ ऑफिसात आले. सहा वर्षांपूर्वी त्यांनी खोडं मोजून वाटणी केली होती. तेव्हापासून बोलणं बंद.

“मना ठिपका कोठे शे?” झुलालने स्वतःचा ठिपका विचारला. लीलाधरने पडद्यावर पेन्सिल टेकवली.

“आनि मना?” जीवरामने विचारलं. पेन्सिल होती तिथेच राहिली.

खोडं सारखी, वजनात शंभर ग्रॅमचा फरक. बिटमॅपच्या एकाच घरात दोघेही जाऊन बसले होते!

“वाटण्या व्हई ग्यात!” झुलाल ओरडला. “कोर्टना कागद शे!”

“एक मिनिट, भाऊ!” लीलाधरने फक्त त्या दोघांच्या ठिपक्यांची व्हेक्टर फाइल केली, मोठी केली. दोन ठिपके, मध्ये बांधाएवढी जागा! दोघे भाऊ वेगवेगळ्या दारांनी समाधानाने गेले.

मग लीलाधरने सगळेच ठिपके व्हेक्टरमध्ये घातले. तीन केबीवाली हलकी पद्धत आता अकराशे केबीची झाली. बाराशे केबीच्या फ्लॉपीत दोन्ही मावेनात, म्हणून त्याने बिटमॅप खोडलं. फाइल उघडून पाहिली नाही. सहा खांबांवर चाचणी झाली होती, दोन ठिपक्यांवर झाली होती. आणखी काय पाहायचं!

सभेच्या दिवशी हॉल खचाखच भरला. मागे वरण-बट्टीचा वास, पुढच्या रांगेत धनसिंगनाना.

“पापणी लवायच्या आत!” लीलाधर गरजला आणि त्याने एंटर दाबलं.

पडदा कोरा. मग कोपऱ्यात एक ठिपका उगवला. पाण्याची टाकी थेंबाथेंबाने भरावी तसा दुसरा, मग तिसरा. व्हेक्टरमध्ये प्रत्येक ठिपका म्हणजे एक गोल, आणि संघाचा वयस्कर संगणक प्रत्येक गोलाचं गणित पहिल्यापासून करत होता. बिटमॅपला एक ठिपका काय, चार हजार काय, दीडशे केबीच! व्हेक्टरला माणसागणिक कष्ट. हा नियम लीलाधरला नीट कळला, पण कळून उपयोग नव्हता तेव्हा.

एकोणीस मिनिटांनी आलेख भरला. टाळ्या पडल्या! लीलाधरने कपाळ पुसलं.

तेवढ्यात झुलालचा आवाज आला, “आमना मोठा करी दखाड!”

मोठं केल्याबरोबर पडदा कोरा. कोपऱ्यात एक ठिपका. ठिपके सभासद क्रमांकाने उमटत होते, आणि भावांचे क्रमांक ४३०७ आणि ४३०८!

“जावईबापू,” नाना हळूच म्हणाले, “हे नेहमी असंच चालतं?”

“नाही नाना. फक्त मोठं केलं की.”

“आणि मोठं किती जणांना करून हवंय?”

लीलाधरने मागे पाहिलं. आपापला ठिपका मोठा करून बघायला रॉकेलच्या दुकानासारखी रांग लागली होती. मधूनच कोणीतरी सांगून गेलं, बट्ट्या दगड झाल्या.

अखेर भावांचे ठिपके उमटले. वेगळे, गोल, सुबक. झुलालचा केसभर वर.

“मना खाले काबर शे?” जीवराम उठला.

“वजन कमी शे म्हनीसन!” सहा वर्षांत झुलाल भावाशी पहिल्यांदा बोलला. मग विहीर निघाली, बांध निघाला, आईच्या पाटल्या निघाल्या!

“लीलाधर!” आबा किंचाळले. “ते आधीचं लाव! दोघं एकात गेलेलं!”

“आबा... ते खोडलं.”

“मग हे लहान कर!”

लीलाधरने लहान केलं. पडदा कोरा. कोपऱ्यात एक ठिपका.

पुढच्या आठवड्यात संचालक मंडळाने ठराव केला. यापुढे आलेख ड्रॉइंगचे सुपडू मास्तर पुठ्ठ्यावर काढतील. ऑपरेटरची नेमणूक पूर्वीप्रमाणे हंगामी राहील. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द ठरावात एकदाच आला: सभेत पुठ्ठ्याचं दुसरं टोक कायमस्वरूपी श्री. लीलाधर यांनी धरावं.

त्या एका शब्दाखाली लाल रेघ ओढून लीलाधरने ठरावाची नक्कल धुळ्याला पाठवली. दोन महिने झाले. नानांचं उत्तर अजून उमटायचं आहे.