दुसऱ्या भागात कंडक्टर आहे

पाईकराव काका व्हिडिओ गेम उभ्यानं बघतात. आमच्या बैठकीत सोफा आहे, दोन खुर्च्या आहेत, अम्मीनं नव्या खोळी घातलेला दिवाण आहे. पण टीव्हीवर जीप सुरू झाली की काका उठतात, एका हातानं खिडकीचा गज धरतात, पाय फाकवून भक्कम उभे राहतात आणि जीप डावीकडं वळली की स्वतः उजवीकडं कलतात. जीपनं ब्रेक मारला की दोन पावलं पुढं येतात. एकदा जीपनं दरीवरून उडी मारली तेव्हा त्यांनी अम्मीची फुलदाणी पाडली आणि वर म्हणाले, "भाभी, झटका लई मोठा होता."

काका हिंगोली डेपोचे रिटायर कंडक्टर. माझे अब्बा त्याच डेपोचे ड्रायव्हर. दोघांची जोडी सेनगावच्या गाडीवर. ड्युट्या बदलून घेऊन, साहेबांच्या विनवण्या करून दोघांनी ती जोडी वर्षानुवर्षं टिकवली. काका अब्बांना उस्ताद म्हणतात. नोकरी सुटली, पण काकांच्या अंगातला कंडक्टर काही रिटायर झाला नाही. लग्नाच्या पंगतीत ते "पुढं सरका, मागं मानसं उभी हायेत" असं ओरडतात. कुणाच्या मयतीहून निघतानाही दारात उभं राहून विचारतात, "कोनी राह्यलं का?" लोकांना आधी राग यायचा. आता कुणी राहिलंच असेल तर ते निमूट पुढं येतं.

आणि मी रेशमा. इथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि घरी आले की व्हिडिओ गेम खेळते. तिशीला टेकलेली पोरगी टीव्हीसमोर बसून गोळ्या झाडते हे आमच्या मोहल्ल्याला पसंत नाही. मी मोहल्ल्याला विचारलेलं नाही.

हे सगळं हसत सांगतेय, पण काका आमच्या बैठकीत रोज येऊन उभे राहू लागले ते हसण्यासारख्या कारणानं नव्हे. अब्बांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं अडखळलं. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात अब्बा पाहुण्यांसमोर 'पानी' म्हणायला गेले आणि तोंडातून 'चावी' बाहेर पडलं. कुणी हसलं नाही, पण एकाचा ओठ हलला. अब्बांनी तो बघितला. त्या दिवसापासून त्यांनी जे तोंड मिटलं ते मिटलंच. नांदेडच्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या, चुकू द्या. असेच गप्प बसले तर आहे तेवढंही बोलणं जाईल." सांगणं सोपं होतं. ज्या माणसानं कलेक्टरच्या गाडीला हॉर्न मारून साइड घेतली, त्याला 'बोला, चुका' कोण सांगणार? अम्मी रोज रडायची, मी चिडायचे, अब्बा बैठकीतल्या दिवाणावर भिंतीकडं तोंड करून पडायचे.

टीव्ही त्याच खोलीत, म्हणून माझा खेळही त्याच खोलीत. खेळ साधा आहे. एक पोरगा, एक जीप, मोठं वाळवंट, जुने किल्ले, कुठंतरी पुरलेला खजिना आणि मागे लागलेली बंदुकवाली टोळी. काका त्याला 'जीपवाला' म्हणतात. एका संध्याकाळी काका अब्बांच्या उशाशी बसून एकटेच बडबडत होते आणि मी जीप पळवत होते. अचानक काका माझ्याकडं वळले. मग हळूच म्हणाले, "रेशमा बेटा, तिकडं बघ."

चादरीखाली अब्बांचा डावा पाय हलत होता. चढ आला की दाबायचा, वर पोचलं की सोडायचा.

"उस्ताद क्लच दाबून राहिले," काका म्हणाले आणि उठून त्यांनी खिडकीचा गज धरला.

मी दुसऱ्याच दिवशी खेळाचा रिमोट अब्बांच्या हातात दिला. पण तो त्या खेळाचा पहिला भाग होता आणि पहिल्या भागाला दोन्ही हात लागत. डाव्या अंगठ्यानं वळवायचं, उजव्यानं वेग द्यायचा. जीप जागच्या जागी गोल फिरली आणि काटेरी झाडात घुसली. अब्बांनी रिमोट फेकून दिला.

काकांना अब्बांचा राग आला नाही, खेळाचा आला. तसा पहिल्या भागावर त्यांचा आधीपासूनच दात होता. "ह्या पोराला डेपो हाय का? न्हाई. मागं कोन हाय? कोनीच न्हाई. मंग हा रिव्हर्स कोनाच्या भरवशावर घेऊन राहिला?" जीप दरीत पडली की खेळ पार सुरुवातीपासून चालू व्हायचा, तेही त्यांना पटत नसे. "सेनगावची गाडी पुसेगावात फेल झाली तं काय हिंगोलीपासून पुन्हा तिकीट फाडता काय?" पण सगळ्यात मोठं दुःख होतं एका म्हातारीचं. वाळवंटात रस्त्याकडेला एक म्हातारी गाठोडं घेऊन हात वर करून उभी असायची. ती नुसती शोभेची. तिला गाडीत घ्यायचं बटनच नव्हतं. आम्ही तिच्या पुढून गेलो की काका वळून वळून बघायचे. "पोरा, तुला खजिना घावल, पन तिचा तळतळाट लागंल."

मग दुसरा भाग आला. मी आणला माझ्यासाठी, खोटं कशाला बोलू. लावून बघितला तर त्यात एक सोय निघाली: एकच जीप दोन रिमोटवर चालवता येत होती. अर्धं काम एकाकडं, अर्धं दुसऱ्याकडं. मी डावी बाजू अब्बांना दिली आणि उजवी काकांना. अब्बा वळवणार, काका वेग देणार. ज्यांनी कुणी, कुठल्या देशात बसून ती सोय घातली, त्यांच्या लेकराबाळांसाठी अम्मी पाचही नमाजांत दुआ मागते. त्यांनी ती कशासाठी केली असेल कोण जाणे, अम्मीला त्याचं काय!

"बराबर!" काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "पयल्या भागात नुसता ड्रायव्हर व्हता. दुसऱ्या भागात कंडक्टर हाय. ह्याला म्हनतेत सुधारना."

सुधारणा आणखीही होत्या. आता दरीत पडलं तर मागच्या गावापासून सुरू करता येई. आणि म्हातारी! दुसऱ्या भागात म्हातारी गाडीत बसायची. ते कळलं तेव्हा काकांचे डोळे भरून आले, खरंच. त्यानंतर खजिन्याचा विषयच संपला. रोज चारला काका यायचे, "चला उस्ताद, टाइम झाला" म्हणायचे आणि दोघं वाळवंटातली माणसं इकडून तिकडं पोचवायचे. मातीच्या घरांचं एक गाव काकांनी पुसेगाव ठरवलं, घुमटाचं देऊळ असलेलं नरसी. मागून टोळी गोळ्या झाडत यायची. मी ओरडायचे, "काका, आधी त्यांना मारा!" काका शांतपणे म्हणायचे, "म्हातारी उतरू दे आधी. चालत्या गाडीत भांडन न्हाई."

अब्बांचा डावा हात सुधारला. चेहऱ्यावर रंग आला. पण तोंड मिटलेलंच. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, "बोलले?" आणि मी नाही म्हणून मान हलवायचे. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की वेळ हातातून चालली आहे.

एक दिवस अब्बांचा हात दमला असावा. त्यांनी आपला रिमोट काकांच्या पुढं सरकवला. दोन्ही काकांकडं.

"म्या?" काका घाबरले. "उस्ताद, चेष्टा करता काय? म्या कवा सायकल बी धड चालवली न्हाई."

अब्बांनी नुसतं टीव्हीकडं बोट दाखवलं. उस्तादांचा हुकूमच तो. काकांनी एक रिमोट बाजूला ठेवला, दुसऱ्यावर पूर्ण जीप घेतली आणि काय चालवली म्हणता! आधी बकऱ्यांच्या कळपातून, मग कुणाच्या तरी तंबूतून, मग एका विहिरीला प्रदक्षिणा घालून. गाडीत म्हातारी ओरडत होती, माझी हसून पुरेवाट झाली होती. समोर नदी आली. काका वेग वाढवत तिच्याकडंच निघाले, कारण त्यांना वाटत होतं की ते थांबवायचंच बटन दाबताहेत.

"बिरेक!"

मी हसायची थांबले.

"अबे बिरेक! बिरेक मार, येड्या!"

अब्बा दिवाणावर अर्धे उठून बसले होते. कपाळाची शीर फुगली होती. जीप म्हातारीसकट नदीत गेली. अम्मी कणकेचे हात घेऊन धावत आली, "क्या हुआ? कौन चिल्लाया?" काका रिमोट छातीशी धरून म्हणाले, "भाभी, उस्तादनी शिवी दिली मला." आणि ते लहान लेकरासारखे रडायला लागले. आम्ही सगळेच रडलो. एका शिवीवर अख्खं घर रडतंय असं आमच्या मोहल्ल्यात पहिल्यांदाच झालं असेल.

तेव्हापासून गाडी काकांकडं आणि तोंड अब्बांकडं. "डावीकडं... हळू... अबे गेअर!" शब्द तुटके यायचे, पण यायचे. चुकले तरी अब्बांना आता लाज वाटायची सवड नव्हती, समोर गाडी खड्ड्यात चाललेली असायची. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. एवढंच म्हणाल्या, "राग, हुकूम आधी येतात. माणसांची नावं सगळ्यात उशिरा येतात. काहींची येतही नाहीत." खरंच होतं ते. अब्बा अम्मीला बघायचे, ओठ हलवायचे आणि हरल्यासारखे खाली बघायचे. माझं नावही येईना. मी रोज सकाळी चहा देताना थांबायचे, येईल म्हणून.

परवा काकांना फाटकापर्यंत सोडायला गेले. कितीतरी दिवसांपासून मनात होतं ते विचारलं. "काका, खरं सांगा, त्या दिवशी जीप मुद्दाम नदीत घातली ना? अब्बा बोलावेत म्हणून?"

"आईशपथ न्हाई, बेटा. मला येतच न्हाई." काका फाटकाला टेकले. "इतकी वर्सं गाडीत काढली, पन रस्ता म्या कवा बघितलाच न्हाई. बघाया लागलाच न्हाई. पुढं उस्ताद व्हते. म्या मागं तोंड करून बिनघोर तिकिटं फाडली."

"काका, तुमचे लई उपकार आहेत आमच्यावर," एवढं कसंबसं म्हटलं.

"उपकार बिपकार काढू नको. म्या माझ्या मतलबानं येतो." ते रस्त्याकडं बघत बोलले. "तुझी काकू गेल्यापासून घरात बोलाया मानूस न्हाई. पोरगं पुन्याला, त्यो फोनवर बाबा म्हनतो. तू काका म्हनतीस. अख्खी हिंगोली कंडक्टर म्हनती. देवराव म्हनून हाक मारनारा येकच उरला व्हता, आन् त्याचीच जीभ गेली. लई दिवस झाले बघ, माझं नाव कोनाच्या तोंडून ऐकलं न्हाई."

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. मी डोळे पुसून आत आले.

अब्बा उघड्या दाराकडं बघत बसले होते; फाटकापाशी झालेलं बोलणं आत ऐकू गेलं असावं. चेहरा लालबुंद. "दे..." म्हणाले. मी पाणी पुढं केलं. त्यांनी रागानं ग्लास सारला. "दे... देव..." गळ्याच्या शिरा ताणल्या. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"देवराव," अब्बा म्हणाले.

अगदी स्वच्छ. अम्मीच्या आधी, माझ्याही आधी. वाईट वाटलं का? वाटलं थोडं, का वाटू नये? पण ते वाटत असतानाच मी अनवाणी रस्त्यावर पळत होते. काका कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी पोचले होते.

"काका! थांबा! अब्बा नाव घेऊन बोलवायलेत!"

"कोनाचं?"

"तुमचं, काका. अब्बा म्हणाले..."

"तू नको सांगू," काकांनी हात वर करून मला थांबवलं. "चल. त्याच्याच तोंडून ऐकतो."