सीतेची वेणी आणि कारभारींची कात्री

पेठच्या जंगलपट्ट्यातून बदली होऊन निवृत्ती गांगुर्डे नाशकात परत आले, तेव्हा त्यांच्यासोबत एक वळकटी, एक ट्रंक आणि आंब्याची एक फांदी होती. वळकटी आणि ट्रंक एसटीच्या टपावरून आली. फांदी खिडकीपाशी बसून आली.

"बरं झालं, बंबाला लाकूड झालं," त्यांची बायको विमल म्हणाली.

"हात लावू नकोस! सीतेची वेणी आहे ती."

विमलने फांदी उलटसुलट पाहिली. सालीला ऑर्किडची पट्ट्यांसारखी जाड पानं चिकटली होती, पांढरी मुळं हवेत लोंबत होती. वेणी कुठेच नव्हती.

लग्न ठरलं तेव्हा निवृत्तींनी तिला सांगितलं होतं, की जंगलात गुलाबी फुलांची हातभर वेणी झाडावर आयती लोंबते, ती मी तुझ्या केसांत माळीन. त्यानंतर दोन मुलं झाली. वेणी झाली नाही. आता मे महिन्यात निफाडला धाकट्या मेहुणीचं, लताचं लग्न होतं. त्या दिवशी विमलच्या केसांत वेणी दिसली नाही, तर आपल्या शब्दाला घरात काही किंमत उरणार नाही, हे निवृत्तींना कळून चुकलं होतं.

त्यांनी फांदी ओट्यावरच्या कडीला सुतळीने टांगली. माती नाही, कुंडी नाही, खत नाही. सावली हवी, वारा हवा, आणि मुळांना पाणी मिळालं तरी लगेच सुकायला हवं. डासांच्या औषधाचा नवा कोरा पंप आणून निवृत्ती रोज सकाळी त्यातून साध्या पाण्याचा फवारा मारू लागले.

"भाईसाब, लकडी को मच्छर लगे क्या?" शेजारच्या शकीलाभाभींनी काळजीने विचारलं.

एप्रिल संपता संपता पानांच्या बगलेतून दोन कोंब निघाले. एक अंगणाकडे वळला, एक भिंतीकडे. निवृत्ती त्या दिवशी ऑफिसात विनाकारण सगळ्यांशी चांगलं वागले.

मग लग्नाच्या साड्या घ्यायला सासरे आले. कारभारींची निफाडला द्राक्षबाग होती. वेलीच्या पानाच्या बगलेत नको ती फूट आली की ती काढायची, यात त्यांची हयात गेली होती. छाटणीची कात्री कायम खिशात. साडीच्या दुकानातसुद्धा त्यांनी एका पदराचा सुटलेला दोरा तिनेच कापला होता.

संध्याकाळी निवृत्ती घरी आले, तर सासरे ओट्यावर प्रसन्न बसलेले.

"जावईबापू, बगलफूट काढून टाकली बरं का. तुमचं लक्षच नाय झाडाकडं."

खाली फरशीवर हिरव्या कळ्यांचा कोंब पडला होता.

"मामा, ते फूल होतं."

"फूल नाय हो, बगलफूट."

"तेच फूल होतं. विमलच्या केसांतलं."

कारभारींनी लेकीकडे पाहिलं. ती पदर खोचून आत गेली. कारभारींनी कात्री खिशात घातली, परत काढली आणि जावयाच्या हातात दिली.

"दुसरा हाय ना भिंतीकडं?"

"आहे."

"मग मी हितून हालत नाय."

आणि खरंच हलले नाहीत. चार दिवसांनी लता स्वतःच बापाला न्यायला आली.

"आबा, लगीन माझं हाय! मांडव कोण घालनार?"

"मांडवाला मानसं हायेत. हिला कोन हाय?"

शेवटी फांदी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर बसून निफाडला गेली. कारभारी शेजारी उभे राहून गेले.

लग्नाच्या दिवशी वेणी पूर्ण उमलली. गुलाबी ठिपक्यांची, हातभर, निवृत्ती म्हणाले होते तशीच. त्यांनी कात्री काढली, तोच कारभारींनी मनगट धरलं.

"कात्री लावायची नाय."

"अहो मामा, पण मग माळायची कशी?"

"येकदा लावली. आता लावायची नाय."

बराच खल झाला. शेवटी झाड विमलकडे येत नाही, तर विमल झाडाकडे जाईल, असं ठरलं. ती स्टुलावर बसली, कारभारींनी फांदी तिच्या डोक्यामागे धरली आणि वेणी अंबाड्यावर अलगद टेकली. फोटोग्राफरने फोटो काढला. मग मावशी बसली. मग आत्या. मग नवरदेवाकडच्या सगळ्या बायका रांगेत उभ्या राहिल्या. नवरा-नवरीची पाळी आली, तेव्हा रीळ संपलं होतं.

विमलचा तो फोटो अजून ओट्याच्या भिंतीवर आहे. ती लाजली आहे. तिच्या मागे, फोटोग्राफरचं जमेपर्यंत कारभारींचे हात भरून आले म्हणून, आंब्याची फांदी दोन्ही बाजूंनी दुसऱ्याच कोणी तोलून धरली आहे. चेहरे चौकटीबाहेर गेलेत. एका हातात नवीन घड्याळ, दुसऱ्यात हिरवा चुडा.

नवरा-नवरीचा लग्नातला तेवढाच एक फोटो आहे.