आदरणीय भोंगा यांस

आक्का अक्कलदाढ काढायला गेली त्या दिवशी ऑफिस दादाच्या ताब्यात आलं. दादा आणि आक्का ही सख्खी भावंडं. वॉशिंग मशीन दुरुस्त करायची त्यांची छोटीशी कंपनी होती. कंपनीत तिसरा माणूस म्हणजे मिस्त्री, आणि ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि पोट उघडं टाकून बसलेली सहा मशीनं.

"पत्रं तयार आहेत," जाताना गालावर हात ठेवून आक्का म्हणाली. "एकेचाळीस. एकेक वाच, आणि मगच पाठव. वाचल्यासारखं करू नकोस, वाच."

"अगं, वाचतो. जा तू."

ही पत्रं एआय लिहीत असे. वर्षातून एकदा मशीन तपासून घ्या, अशी आठवण गिऱ्हाइकांना करून द्यायची असते; ते काम करून आक्काची बोटं दुखायला लागली, म्हणून दादानेच हौसेने एआय आणला होता. आक्काने बँकेत तीस वर्षं काढलेली, त्यामुळे नव्या माणसावरसुद्धा ती सहा महिने विश्वास ठेवत नसे. हा तर माणूसही नव्हता. पहिल्याच दिवशी तिने दोन नियम लिहून भिंतीवर चिकटवले. एआयने लिहिलेलं काहीही माणसाने वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आणि गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन नंबर एआयला कळता कामा नये.

"लोक आपल्याला घरात घेतात," ती म्हणाली होती. "त्यांचे मळके कपडे आपण बघतो. त्यांची नावं कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरला वाटत फिरायचं नाही."

"अगं, पण मग पत्र कुणाला लिहायचं ते त्याला सांगायचं कसं?"

ही अडचण मिस्त्रीने सोडवली. त्याला गिऱ्हाइकांची नावं कधीच लक्षात राहत नसत, माणसं मात्र पक्की लक्षात राहत. "तो भोंगा नाही का, दारातूनच ओरडतो," असं त्याचं बोलणं. आक्काने एक वही केली. डावीकडे मिस्त्रीचं टोपणनाव, उजवीकडे खरं नाव. एआयला फक्त डावी बाजू सांगायची. पत्र आलं की आक्का ते वाचायची, टोपणनाव खोडून खरं नाव घालायची आणि पाठवायची. वर्षभर हे विनातक्रार चाललं होतं.

दादाने त्या दिवशी एकेचाळीस पत्रं खरोखरच वाचली. चष्मा पुसून, दोनदोनदा. कुठे 'त्वरित'चं 'लवकर' केलं, कुठे स्वल्पविराम काढला, तिथे जागा मोकळी दिसली म्हणून दुसरीकडे घातला. वाचताना त्याला काहीही खटकलं नाही. खटकणार कसं? वर्षभर तोही भोंग्याला भोंगाच म्हणत होता. खरं नाव दिसलं असतं, तर उलट हा कोण बुवा, असा प्रश्न पडला असता. वही ड्रॉवरमध्ये आहे हेही त्याला आठवलं नाही. समाधानाने त्याने सगळी पत्रं एका दमात पाठवून दिली आणि मिस्त्रीला म्हणाला, "आक्का उगाच बाऊ करते रे. पाऊण तासाचं तर काम."

दहा मिनिटांत फोन वाजला.

"मी भोंगा?"

फोन दादाच्या हातात होता, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मशीनमध्ये मान घालून बसलेल्या मिस्त्रीनेही मान बाहेर काढली.

"कोण बोलतंय?" दादाने विचारलं.

"तुमच्या पत्रात लिहिलंय ना कोण ते! 'आदरणीय भोंगा, आपला आवाज अलीकडे वाढला असल्यास कृपया कळवावे'!"

"मशीनचा... मशीनचा आवाज, काका," दादा कसाबसा म्हणाला. तिथे 'आपल्या मशीनचा आवाज' असं होतं; पत्रात मशीन हा शब्द फार वेळा येतो म्हणून त्यातला एक दादाने स्वतःच काढला होता.

पाठवलेली पत्रं त्याने घाईघाईने उघडली. प्रिय मोजेवाले. आदरणीय शंभर प्रश्न. आदरणीय पाणीही न विचारणारे, आपल्याकडे पाण्याची व्यवस्था कशी आहे?

"दादा," खांद्यावरून वाचत मिस्त्री म्हणाला, "हे शेवटचं बरोबर विचारलंय पण त्याने."

"गप रे तू!"

मोजेवाल्यांचा फोन आला तो मवाळ होता. दर वेळी मशीनमध्ये मोजा अडकतो हे त्यांना कबूल होतं, फक्त हे जगजाहीर आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. शंभर प्रश्न बाईंनी अकरा प्रश्न विचारले आणि बाकीचे संध्याकाळी विचारते म्हणाल्या.

आक्का परतली ती तोंडात कापसाचा बोळा घेऊन. डॉक्टरांनी दिवसभर बोलायला बंदी केली होती. तिने पत्रं पाहिली, वही पाहिली, मग दादाकडे पाहिलं. तिला बोलता येत नाही याचा दादाला एकीकडे आनंद झाला, पण ती नजर बोलण्याहून वाईट होती.

"मी आत्ता माफीचं पत्र पाठवतो," तो म्हणाला. "एआयला सांगतो, अगदी गोड शब्दांत..."

आक्काने कागद ओढला आणि पेन्सिल मोडेल इतक्या जोरात लिहिलं : चूक त्याची नाही. तुझी आहे. तू लिही.

दादा लिहायला बसला. पहिल्या मजकुरात त्याने तांत्रिक बिघाडाला दोष दिला. आक्काने तो फाडला. दुसऱ्यात तो स्वतः आजारी होता, तोही फाडला. तिसऱ्यात त्याने सरळ जे घडलं ते लिहिलं. तुमचं नाव आम्ही कॉम्प्युटरला देत नाही, म्हणून टोपणनावं ठेवली. ती काढून मग पत्र पाठवायचं होतं, ते मी विसरलो. टोपणनावांत जरा पोरकटपणा झाला, त्याची लाज वाटते. माफ करा. आक्काने मान हलवली. मग वहीच्या उजव्या बाजूवर पेन्सिल टेकवत ती एकेक नाव दाखवत गेली आणि दादा ते घालत गेला. त्याला दोन तास लागले.

भोंगा शांत झाले. म्हणजे त्यांच्या मानाने शांत. "सांगितलंत ते बरं केलंत!" एवढंच ते ओरडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भलतेच फोन सुरू झाले. ज्यांना पत्रच गेलं नव्हतं, ते शेजाऱ्यांकडून ऐकून विचारू लागले, "आमचं काय ठेवलंय हो?" आणि एक गृहस्थ तर आपलं पत्र हातात घेऊन जिना चढून स्वतः आले.

"माझ्या शेजारणीला शंभर प्रश्न," ते खिन्नपणे म्हणाले, "आणि मला 'तिसरा मजला डावीकडे'? बारा वर्षांचा गिऱ्हाईक आहे मी. माझ्यात तुम्हाला एवढंच दिसलं?"

मिस्त्री ओशाळला. "साहेब, तुमच्याकडे कधी काही तक्रारच नसते."

"मग करायला हवी होती का?" असं म्हणून ते बसले, आणि पाणी पिऊन गेले.

एकाच ठिकाणाहून काही आलं नव्हतं. मुलींच्या वसतिगृहात बारा मशीनं होती, कंपनीचं जवळजवळ निम्मं काम तिथलं. वसतिगृह सांभाळायला एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मशीन सरळ बसवलंय का, हे त्यांनी मिस्त्रीसमोर लाकडी पट्टीने मोजून पाहिलं होतं. त्यांना गेलेलं पत्र 'आदरणीय फूटपट्टी' असं सुरू होत होतं. दुपारी त्यांचा दोन ओळींचा निरोप आला : उद्या अकरा वाजता भेटायला या. तिघांनीही.

"गेलं काम," दादा म्हणाला.

"आपण जायचं आणि खरं सांगायचं," सुजलेल्या गालातून आक्का म्हणाली. आता तिला थोडं बोलता येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिघं त्यांच्या टेबलासमोर ओळीने उभे राहिले. खुर्च्या होत्या, पण बसायचं कुणाला सुचलं नाही. टेबलावर ते पत्र छापून ठेवलेलं होतं आणि त्यावर लाल शाईच्या खुणा होत्या.

"शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "या एआयच्या का?"

"नाही बाई," दादा म्हणाला. "त्याचं बरोबर होतं. मी वाचताना दुरुस्त केलं."

बाईंनी लाल पेन बाजूला ठेवलं. "शाळेतली मुलं मला पाठीमागे काय म्हणायची, ते मला ठाऊक आहे. त्यापुढे फूटपट्टी म्हणजे मानपत्र आहे. बसा." तिघं बसले. "मागच्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीचा माणूस आला होता. स्वस्तात करतो म्हणाला, फक्त वसतिगृहातल्या साठही मुलींची नावं आणि नंबर आमच्या एआयला द्या. कशाला, विचारलं तर त्याला सांगता येईना. मी त्याला दार दाखवलं. तुम्ही माझंही नाव दिलं नाहीत. तुमचा नियम चांगला आहे. तो पाळणाऱ्यांचं बघा."

"आजपासून टोपणनावं बंद," आक्का म्हणाली. "प्रत्येकाला नंबर. आणि शेवटी नाव घातलंय का, हे दोघांनी बघायचं."

"ठीक. काम तुमच्याकडेच राहील." बाईंनी चष्मा काढला. "आता आलाच आहात तर खाली चार नंबरचं मशीन पाणी सोडत नाहीये, ते बघून घ्या. थांबा, मिस्त्रींचा हाच नंबर आहे ना, तेवढं पाहते." त्यांनी टेबलावरच्या फोनचं बटण दाबलं.

मिस्त्रीच्या खिशात घंटी वाजली. बाईंचा फोन टेबलावर उताणा होता, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत झळकत होतं : 'उद्या येतो'.

मिस्त्रीने ते वाचलं. आक्काने वाचलं. तोंड धरून ती खिडकीकडे वळली; दाढ दुखत होती की आणखी काही, ते कळलं नाही. मिस्त्री उठला, हत्यारांची पिशवी उचलली आणि जिना उतरून गेला.

दोन मिनिटं गेली. दादाने छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. छातीवरचं मोठं ओझं उतरलं होतं आणि त्याला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"पोचले का हो ते खाली?" बाईंनी विचारलं.

"हो हो, बाई," दादा सवयीने म्हणाला, "मिस्त्री निघालेत, आत्ता पाच मिनिटांत..."

बोलता बोलता तो थांबला. बाईंनी फोनवर दुसरं एक नाव काढलं होतं आणि फोन त्याच्याकडे फिरवला होता. समोर दादाचा स्वतःचा नंबर होता, आणि वर सुवाच्य, शुद्ध मराठीत नाव होतं : 'मिस्त्री निघालेत'.