मवाळ झालेल्या पद्मावतीबाई

हिम्मतरावांना आयुष्यात दोनच गोष्टींची भीती वाटे. एक पद्मावतीबाईंच्या रागाची, आणि दुसरी, तो राग येण्याआधीच्या शांततेची. (बारशाला हिम्मतराव नाव ठेवणाऱ्या आत्याला पुढचं काय ठाऊक?) देशातलं लायसन-परमिट राज संपलं, असं हल्ली रोज पेपरात येई. हिमायतनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत मात्र ते अजून जोमात होतं. मित्राला चहाला आणायचं तरी आदल्या दिवशी मंजुरी लागे.

अशात सिकंदराबादच्या त्यांच्या कंपनीत परदेशी भागीदार आला, आणि त्याच्या मागोमाग टाय लावलेले एक गृहस्थ ‘स्ट्रेस’वर व्याख्यान द्यायला आले. म्हणाले, माणसाचा स्वभाव चुलीवर शिजतो. तिखट खाणारा तापट, मिळमिळीत खाणारा शांत. बाकीचे कारकून डुलक्या घेत होते. हिम्मतराव एकटेच कान टवकारून बसले. स्वतःला सुधारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. सुधारायचं माणूस घरी होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी बेगम बाजारातून ब्याडगी मिरचीची पूड आणली. दिसायला लालभडक, चवीला गरीब गाय. पद्मावतीबाई देवळात गेल्याची संधी साधून त्यांनी डब्यातली जहाल गुंटुरी पूड मोरीत ओतली (आणि इतके शिंकले, की शेजारच्या भाग्यलक्ष्मीनं खिडकीतून “क्या हुआ भाईसाब?” म्हणून विचारलं) आणि डब्यात नवी भरून ठेवली.

इथवर ठीक होतं. पण रात्री पानावर बसल्यावर त्यांची पाचावर धारण बसली. आमटी अगदीच सौम्य! हिला संशय आला तर? म्हणून पहिल्याच घासाला त्यांनी हाश्शहुश्श केलं, डोळे पुसले आणि तांब्याभर पाणी प्यायलं.

“लई तिखट झालंय का?” पद्मावतीबाईंनी विचारलं.

“जाळ आहे नुसता जाळ!”

पद्मावतीबाईंनी आमटी पुन्हा पुन्हा चाखून पाहिली.

दुसऱ्या दिवशी आमटी आणखी लाल झाली. हिम्मतराव आणखी रडले. आणि खरोखर, व्याख्यान फळाला आलं! पद्मावतीबाई भाजीवाल्याशी भांडेनात. पलंगावर पडलेला ओला टॉवेल त्यांनी गुपचूप उचलून वाळत घातला. एकदा तर म्हणाल्या, “अहो, तुम्हाला काय वाटतं?” लग्न झाल्यापासून हा प्रश्न हिम्मतरावांना कुणी विचारलाच नव्हता.

मग एका सकाळी पद्मावतीबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

“हे बघा, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा. डाळ ह्या डब्यात. शिकून घ्या.”

“मी? कशाला?”

“मला तिखटाची चवच लागंना हो. मुद्दाम पूड वाढवून बघितली. तुम्हाला झोंबायलंय, डोळ्यांतून पाणी यायलंय, अन् माझ्या जिभेला काहीच नाही. चतुराबाई मावशीचं असंच झालतं. आधी चव गेली, मग मावशी गेली.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “वरच्या मजल्यावरच्या तारामतीची धाकटी बहीण अजून बिनलग्नाची आहे. स्वभावानं लई गरीब.”

(‘गरीब’ या शब्दाशी हिम्मतराव क्षणभर घोटाळले, हे लपवण्यात अर्थ नाही.) पण तेवढंच. पद्मावतीबाई नसलेलं घर त्यांना डोळ्यांपुढे आणवेना. खरं सांगावं तर बायको वाचेल, पण मग आपण काही वाचत नाही!

शेवटी खरं न सांगताच त्यांनी बायकोला कोठी भागातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मीठ, साखर, कडू औषध, सगळं जिभेवर ठेवून पाहिलं. पद्मावतीबाईंनी सगळं बरोबर ओळखलं.

“जबान तो एकदम ठीक है, अम्मा,” डॉक्टर म्हणाले. “घर में तीखा किसको लगता?”

“इनको. खाने को बैठे की रोते.”

“तो फिर बीमारी इनकी है.” डॉक्टर हिम्मतरावांकडे वळले. “बडे दवाखाने को लिख देतूं. गले में नली डाल के देख लेंगे.”

नळीचं नाव निघताच हिम्मतरावांनी सगळं ओकून टाकलं. व्याख्यान, ब्याडगी, मोरी, खोटे अश्रू, सगळं. डॉक्टर पोट धरून हसले. पद्मावतीबाई हसल्या नाहीत. परतताना ऑटोतही बोलल्या नाहीत.

घरी येताच त्यांनी हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायला बसल्या. नाकाच्या शेंड्यावर घाम आला, चेहरा उजळला. हिम्मतराव दाराशीच उभे होते. पळायला ते सोयीचं होतं.

तरी त्यांना राहवेना. “पण काही म्हण, मिरची कमी झाल्यावर तुझा स्वभाव निवला होता.”

“मिरचीनं नाही काही. मी गेल्यावर ह्या माणसाचं कसं व्हायचं, ह्याला साधं दूध तापवता येईना, म्हणून तुमची कीव यायची. जीव तुटायचा माझा. मग रागवावं तरी कसं?”

हिम्मतराव दारातून एक पाऊल आत आले. “आणि आता?”

पद्मावतीबाईंनी शेवटचा घास संपवला, बोटं चाटली आणि पदर खोचला.

“आता कशाची कीव? आता तर मी लई वर्षं जगणार आहे.”